अंगण वाकडं नाही

सल्ला एकच, देणारे वेगळे. जिल्ह्याच्या गावातला दुकानदार तो काउंटरवर कोपर टेकून देतो, पुण्यात नोकरीला लागलेला मामेभाऊ फोनवर देतो, आणि अमेरिकेतला खेळ बनवणारा साहेब मुलाखतीत देतो: तुमचं मशीन जुनं झालंय, नवं घ्या. बेथेस्डा कंपनीचा ‘स्टारफील्ड’ सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि पीसीवर तो अडखळतो अशी ओरड झाली. ब्लूमबर्गच्या मुलाखतीत दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांना विचारलं गेलं की पीसीसाठी हा खेळ ऑप्टिमाइझ का केला नाही. केलाय की, तुम्हालाच कदाचित पीसी अपग्रेड करावा लागेल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं.

पुढचा भाग कमी लोक सांगतात. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कंपनीने स्टारफील्डचा मोठा पॅच काढला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा वापर सुधारला, आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस हे वेग वाढवणारं तंत्र, जे सुरुवातीला नव्हतंच, ते जोडलं. या सुधारणांचा जास्त फायदा भारी मशीनांना होईल, असं कंपनीच्याच टिपणात होतं. म्हणजे ज्यांनी सल्ला आधीच मानून लाखाच्या पुढचं मशीन घेतलं होतं, त्यांचंही मशीन हा खेळ अडीच महिने धड वापरत नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं. आणि अंगणवाल्याला सांगायचं, नवीन अंगण घाल.

या सल्ल्याला माझा विरोध आहे. ‘जुन्या पीसीवर भारी आरपीजी चालतच नाही’ हे विधान बहुतेक वेळा खोटं असतं. ते खोटं फुकट पसरत नाही, त्यावर कोणाचा तरी माल विकला जातो. आणि पीसीवरच्या सगळ्या खेळांत जुन्या मशीनवर खेळण्यासारखा खेळप्रकार जर कोणता असेल तर तो नेमका आरपीजीच आहे, हे सल्लागारांच्या लक्षातच येत नाही. ज्यांना आरपीजी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक पात्र घ्यायचं, त्याचं आयुष्य जगायचं, माणसांशी बोलायचं, निर्णय घ्यायचे आणि त्यांचे परिणाम भोगायचे. एक खेळ शंभर तास सहज चालतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या सेनगावात पीसी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण शहरातल्या सल्लागाराच्या डोळ्यांसमोर ते चित्र नसतं. इथली बरीच मशीनं मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निवृत्त होऊन आलेली आहेत. डेलचा ऑप्टिप्लेक्स, नाहीतर एचपीचा काळा टॉवर, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५, म्हणजे २०१३ सालची चीज. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या घाऊक बाजारातून असा माल निघतो, वाटेत दोन-तीन हात बदलतो आणि शेवटी तालुक्याच्या एखाद्या ऑनलाइन सेंटरमध्ये येऊन बसतो. दिवसा त्यावर पीकविम्याचे अर्ज, सातबारे, जातीच्या दाखल्याची कागदपत्रं आणि एमएस-सीआयटीची प्रॅक्टिस. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच मशीनवर पोरं तलवार पाठीला लावून राक्षस मारायला निघतात. आमच्याकडे वीस वर्षांचा ट्रॅक्टर इंजिनकाम करून पुन्हा वावरात उतरतो. त्याच्या मालकाला कोणी म्हणत नाही की तुझी नांगरायची ऐपत नाही, घरी बस. पीसीवाल्याला मात्र हे तोंडावर ऐकवलं जातं.

आता तो प्रसिद्ध चौकोन. प्रत्येक खेळाच्या विक्रीच्या पानावर ‘किमान’ म्हणून प्रोसेसर, रॅम आणि कार्डाचं नाव छापलेलं असतं, आणि दुकानदारापासून मामेभावापर्यंत सगळे ते वेदवाक्य मानतात. हा चौकोन येतो कुठून? कंपनी मोजक्या मशीनांवर खेळ तपासते, आणि ज्यावर तक्रार येणार नाही अशी खात्री वाटते ते नाव छापते. तपासलं कोणत्या रेझोल्यूशनवर आणि सेकंदाला किती फ्रेम्स मिळाल्या, हे बहुतेकदा लिहिलेलंही नसतं. त्याच्या खाली गेलात तर आमच्याकडे रडत येऊ नका, एवढाच त्या चौकोनाचा अर्थ. खेळ चालणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

उदाहरण बघा. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला. ज्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाचा सूचनासंच नव्हता, आणि २०११ च्या आधीच्या इंटेल प्रोसेसरांत तो नव्हताच, त्यांवर हा खेळ मधेच कोसळायचा. सगळ्यांनी सांगितलं, मशीन जुनं आहे, विसरा. खेळणाऱ्यांनी खेळाच्या फाइलमध्ये स्वतः बदल करून ती अडचण काढून टाकली आणि खेळ चालू लागला. त्याच महिन्यात कंपनीने १.०५ या पॅचमध्ये एव्हीएक्सची गरज अधिकृतपणे काढली. जी गरज दोन आठवड्यांच्या आत जाते, ती गरज होती की आळस?

हा प्रकार आजचाही नाही. मार्च २००६ मध्ये बेथेस्डाचाच ‘ऑब्लिव्हियन’ आला, तेव्हा जीफोर्स ४ सारख्या जुन्या पिढीच्या कार्डांवर तो चालत नसे, कारण त्याला नव्या धाटणीचे शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, लागायचे. एका हौशी माणसाने ‘ओल्डब्लिव्हियन’ नावाचा मॉड केला. त्यात शेडर सोप्या रूपात दिले, आणि बाद ठरवलेल्या कार्डांवर अख्खा देश हिंडता येऊ लागला. पगार नाही, कंपनीची मदत नाही. जे काम बाहेरच्या माणसाला घरी बसून जमतं, ते आतल्या माणसांना जमत नाही, हे मला पटत नाही. त्यांना ते परवडत नाही म्हणा, किंवा त्यांच्या यादीत ते नसतं म्हणा.

सगळ्यात भक्कम पुरावा ‘द विचर ३’ चा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा हा खेळ १९ मे २०१५ रोजी आला. किमान चौकोनात लिहिलं होतं: आय५-२५००के, जीटीएक्स ६६०, ६ जीबी रॅम. पण त्याच दिवशी तोच खेळ प्लेस्टेशन ४ वर आला, आणि त्यातला प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झचा, स्वस्त लॅपटॉप आणि टॅब्लेटसाठी बनवलेल्या घराण्यातला. त्याला आठ कोअर होते हे खरं, पण एकेका कोअरची ताकद पाहिली तर आमच्या सेंटरमधला ३.२ गिगाहर्ट्झचा आय५-४५७० त्याच्या कितीतरी पुढे आहे. पुढे १५ ऑक्टोबर २०१९ रोजी हा खेळ निन्टेंडो स्विचवर उतरला. स्विच म्हणजे हातात धरायचं यंत्र, ४ जीबी रॅम, टॅब्लेटच्या ताकदीची चिप. सेबर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने दोन्ही विस्तारांसकट सगळा खेळ ३२ जीबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला. हातात धरून खेळताना चित्र फक्त ५४० ओळींचं, गवत विरळ, सावल्या ढोबळ. आणि लोकांनी तो आनंदाने, पैसे मोजून घेतला. त्यांना कोणी म्हटलं नाही की हा कलेचा अपमान आहे.

सेनगावचा पोरगा पीसीवर १२८० बाय ७२० ठेवून, सगळं ‘लो’ करून खेळला की मात्र समीक्षक नाक मुरडतात. निर्मात्यांनी हा अनुभव असा कल्पिलेला नाही म्हणे. निर्मात्यांनीच तो याहून खालच्या चित्रावर स्वतःच्या नावाने विकला आहे!

थोडा हिशेब करू. १९२० बाय १०८० च्या चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात, १२८० बाय ७२० मध्ये ९,२१,६००. म्हणजे कार्डाला दर फ्रेममागे निम्म्याहून कमी ठिपके रंगवावे लागतात. सेकंदाला साठऐवजी तीस फ्रेम्स मान्य केल्या की प्रत्येक फ्रेमसाठी मिळणारा वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून ३३.३ वर जातो. या दोन सवलती एकत्र केल्या तर काम साडेचार पटींनी कमी होतं, आणि सिनेमा तर आपण थिएटरात सेकंदाला चोवीस चित्रांवर जन्मभर बघत आलो आहोत. खेळात हाताच्या हालचालीला उत्तर मिळावं लागतं, त्यामुळे चोवीस तिथे कमी पडतात, हे मान्य. तीस पुरतात.

यावर शहरातला मित्र म्हणेल, तीसवर काय मजा? त्याचा खेळ वेगळा आहे. तो व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळतो, तिथे समोरच्याच्या आधी बंदूक उचलायची असते आणि तिथे त्याचं बरोबर आहे. पण ‘बाल्डर्स गेट ३’ घ्या. ऑगस्ट २०२३ चा हा खेळ पाळीपाळीने चालतो. आपण विचार करत बसलो तर समोरचा राक्षस हात बांधून उभा राहतो. चहा पिऊन या, तो तिथेच असतो. या खेळात एकशेवीस फ्रेम्स कशाला हव्यात, त्या राक्षसाचा कंटाळा बघायला?

आणि विचर ३ मधलं ज्याला आपण कथा म्हणू, ते पाहा. त्यात एक जहागीरदार आहे, लोक त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेल्या आहेत, त्यांना शोधून आण असं तो आपल्याला सांगतो. आधी वाटतं बिचारा आहे. मग एकेक उलगडत जातं. हा दारू पितो, बायकोला मारायचा, तिच्या पोटातलं मूल त्यातच गेलं. तरी तो रडतो ते खोटं वाटत नाही, आणि बायकोची बाजूही एका रेषेत मांडता येत नाही. अशा माणसाला मदत करायची की नाही, आणि केली तर कोणासाठी, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. सेनगावच्या पोरांना हा जहागीरदार समजावून सांगावा लागत नाही. असा एखादा प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहिलेला असतो, संध्याकाळी सातनंतर ज्याच्या घराचा आवाज वाढतो. हा सगळा भाग संवादांवर, चेहऱ्यांवर आणि आपल्या एका बटणावर उभा आहे. सावल्या ‘अल्ट्रा’ ठेवल्या म्हणून तो निर्णय सोपा होत नाही, आणि ‘लो’ ठेवल्या म्हणून हलका होत नाही.

ही परंपराच तशी आहे. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याच वर्षी डिसेंबरात ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ आला. आजच्या कुठल्याही मोबाइलपेक्षा गरीब चित्र, आणि कादंबऱ्यांना लाजवेल इतका मजकूर. २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’ मध्ये नेहमीच्या अर्थाची लढाईच नाही, एक उद्ध्वस्त पोलीस आहे आणि त्याच्या डोक्यातले आवाज आहेत. लोक या खेळांची आठवण काढतात ती वाक्यांची. पाण्यात प्रतिबिंब किती छान पडलं होतं असं कोणी सांगत नाही.

आता खटपटीकडे. ‘लो’ करणं म्हणजे डोळे मिटून सगळे खटके खाली ओढणं, असा गैरसमज आहे आणि तो आमच्या पोरांमध्येही आहे. पहिला हात जातो टेक्स्चरवर, आणि तिथेच चूक होते. टेक्स्चर कार्डाची मेमरी खातं; ती शिल्लक असेल तर वेगावर जवळजवळ फरक पडत नाही, उलट ते उतरवलं की भिंती आणि चेहरे चिखलासारखे होतात. वेग खातात त्या सावल्या, धुकं, कोपऱ्यातल्या अंधाराचे हिशेब, लांबवरचं गवत. विचर ३ मध्ये हेअरवर्क्स नावाचा खटका आहे, केस आणि लांडग्याची लव खरी दिसावी म्हणून. जुन्या कार्डाचं कंबरडं तो एकटा मोडतो. बाजारात फिरणाऱ्या गर्दीचा भार प्रोसेसरवर येतो, तो वेगळा. डिसेंबर २०२२ मध्ये या खेळाला मोठं अपडेट आलं आणि जुन्या मशीनांवर तो अचानक जड झाला. पण खेळ सुरू करताना डायरेक्टएक्स १२ ऐवजी ११ निवडता येतो, आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात जुनी १.३२ आवृत्तीही परत घेता येते. हे दुकानदार सांगत नाही. त्याला ठाऊक नसेलही.

दुसरी गोष्ट रॅमची. सेंटरमधल्या मशीनांत बहुधा एकच कांडी असते, कारण विकणाऱ्याने दुसरी काढून दुसऱ्या मशीनमध्ये घातलेली असते. दोन सारख्या कांड्या दोन योग्य खाचांत बसवल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला त्याचा फरक उघड दिसतो. फिरती हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी घातली तर फ्रेम्स फारशा वाढत नाहीत, पण दार उघडलं की अडकणं आणि गाव बदललं की मिनिटभर थांबणं जातं. शिवाय कॅबिनेट उघडून साफ करणं. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत असतो, तो पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत जाऊन बसतो. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा गेला की गुदमरलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि लोक म्हणतात मशीन म्हातारं झालं. ब्लोअर मारा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, मग वयाचं बघू.

कार्ड घ्यायचंच झालं तर दुकानदाराची साखळी सुरू होते. कार्ड घेतलं तर एसएमपीएस बदला, तो बसत नाही म्हणून कॅबिनेट बदला, मग एवढं केलंच आहे तर मदरबोर्ड. या साखळीत एक कडी खरी आहे. ऑप्टिप्लेक्स ९०२० चा पॉवर सप्लाय २९० वॅटचा, आणि मदरबोर्डला जोडणारी त्याची पिन डेलची स्वतःची, बाजारातला साधा एसएमपीएस तिथे सरळ लागत नाही. पण तो बदलायची गरजच नाही. जीटीएक्स ७५० टीआय हे २०१४ चं कार्ड ६० वॅट घेतं, १०५० टीआय ७५ वॅट, आणि दोन्ही मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेऊ शकतात. वेगळी पिन असलेली मॉडेलं फक्त टाळायची. ७५० टीआय हे विचर ३ च्या किमान चौकोनातल्या जीटीएक्स ६६० पेक्षा थोडं खालचं आहे. कागदावर नापास. ७२० ओळींवर, सावल्या आवरून, खेळ मजेत चालतो.

सेकंडहॅन्ड कार्डात फसवणूक होते, हा आक्षेप खरा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात आली. जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवणारे तर त्याच्याही आधीपासून आहेत. पण जीपीयू-झी नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर अशी नकली कार्डं ओळखायला २०१८ पासून मदत करतं. पैसे देण्याआधी ते चालवून दाखवा म्हणायचं. दाखवत नसेल तर दुकान सोडायचं.

वीज जास्त खातं, हाही एक आवडता मुद्दा. आय५-४५७० ची मर्यादा ८४ वॅट, कार्ड ६० वॅट, बाकी सगळं धरून टॉवर दोनशेच्या आत राहतो. तीन तास खेळलं तर अर्ध्या युनिटच्या थोडं वर. ज्या नव्या कार्डांची जाहिरात आमच्या तोंडावर मारली जाते, त्यातलं आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅटचं आहे. महावितरणची काळजी कोणी करायची?

आमच्याकडचा खरा अडसर कार्डाचा नाहीच, आणि सल्लागारांना तो दिसत नाही कारण त्यांच्या घरी फायबर आहे. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा तर पंचाहत्तर दिवस, त्यात व्हॉट्सॲपही उघडायचं नाही. पंचाहत्तर दिवसांत दोन पॅच येतात आणि पुन्हा काही जीबी मागतात. म्हणून नांदेडला किंवा संभाजीनगरला शिकायला असलेला पोरगा तिथल्या वायफायवर आपला खेळ उतरवतो आणि दिवाळीला पोर्टेबल हार्ड डिस्कवर घरी आणतो. जीओजी नावाच्या दुकानातून घेतलेल्या खेळाला तर कुलूपच नसतं, इन्स्टॉलर जपून ठेवता येतो. वीज गेली तर यूपीएस खेळ सेव्ह करण्यापुरता टिकतो, तेवढं पुरे. या अडचणींवर ‘नवीन पीसी घ्या’ हे उत्तर कसं लागू पडतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

जीओजी २००८ मध्ये सुरू केलं ते सीडी प्रोजेक्टनेच. ही कंपनी वॉर्सामध्ये १९९४ साली दोन मित्रांनी सुरू केली, परदेशी खेळांच्या सीड्या आणून विकायला. तेव्हा पोलंडचा बाजार चोरीच्या कॉप्यांनी भरलेला होता. त्यांनी लोकांना चोर म्हटलं नाही. १९९९ मध्ये पहिला ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत करून, भरगच्च खोक्यात घालून विकला आणि लोकांनी तो विकत घेतला. ‘तालुक्याला सगळं पायरेटेडच असतं, त्यांच्यासाठी कोण ऑप्टिमाइझ करणार’ असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास बघावा. अशाच बाजारातून विचर ३ जन्माला आलेला आहे.

सभ्य लोकांचा सल्ला आणखी वेगळा असतो: तुमच्यासाठी जुने खेळ आहेतच की, ते खेळा. मला याची चीड जास्त येते. जुने खेळ आम्ही खेळतोच, वर दोनांची नावं घेतली. पण कोणी काय खेळायचं हे त्याच्या कॅबिनेटवरून ठरवायचं असेल तर सेनगावने नेहमी दहा वर्षं मागूनच यायचं. सगळं जग ज्या पात्राबद्दल बोलतंय त्याच्याबद्दल आम्ही २०३५ मध्ये बोलायचं, तेव्हा ऐकायला कोणी नसेल. शिवाय जुना खेळ म्हणजे निवांत जागा, हेही खरं राहिलेलं नाही. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढला. विचर ३ सारखा विकत घेतलेला खेळ अपडेटने रातोरात जड होतो. सायबरपंकची किमान अट २०२३ मध्ये जीटीएक्स १०६० वर आणि एसएसडीवर नेली गेली. ज्याने जुन्या अटी वाचून पैसे दिले होते त्याचं काय? मशीन आम्ही जुनं ठेवतो म्हणता, पण चौकोन तर तुम्ही हलवता.

दार खरोखर बंद असतं अशाही जागा आहेत, त्या लपवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पीसीवर आलेल्या ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’ ला मेश शेडर लागतात. जीटीएक्स १० मालिकेच्या सिलिकॉनमध्ये ते नाहीत, खटके ओढून ते येणार नाहीत. बाल्डर्स गेट ३ चा तिसरा अंक, शहराची गर्दी सुरू झाली की, जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरला घाम फोडतो. तिसऱ्या पिढीच्या आय५ मधल्या अंगभूत ग्राफिक्सवर विचर ३ हा स्लाइड शो होतो, तिथे साधं का होईना पण कार्ड लागतंच. हे सांगणारा दुकानदार प्रामाणिक आहे. पण तो हे सांगत नाही, तो सरसकट हात झटकतो.

पैसे ओतून सुटका होते असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आला तेव्हा सगळ्यात महागड्या कार्डांवरही तो ठेचकाळत होता, आणि स्टीम चालवणाऱ्या वाल्व्हने आपल्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर, पंधरा वॅटच्या चिपवर, ते ठेचकाळणं सॉफ्टवेअरने कमी करून दाखवलं. मार्च २०२४ च्या ‘ड्रॅगन्स डोग्मा २’ मध्ये शहरात शिरलं की उत्तमातल्या उत्तम प्रोसेसरवर फ्रेम्स पडायच्या. एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियन नव्या रूपात आला, त्याचीही तीच तक्रार. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भावच असे भडकले की नवा पीसी जोडायला निघालेले शहरातले मित्रही परत फिरले. डेटा सेंटरची मागणी एवढी, की रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने त्या डिसेंबरात सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आबा, तेच तर करतोय. १०८० चं ७२० केलं, साठचं तीस केलं, लांडग्याची लव काढली. नवा पीसी हप्त्यावर घ्यायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना ही म्हण ऐकवा.

कंपन्यांकडे मागणं फार मोठं नाही. किमान चौकोनात रेझोल्यूशन आणि फ्रेम्स छापा. आणि छोट्या यंत्रांसाठी जे काम करताच, ते पीसीच्या मेन्यूत द्या. लॅरियन या बाल्डर्स गेट ३ च्या निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये स्टीम डेकसाठी खास आवृत्ती काढली, प्रोसेसरचा आणि मेमरीचा भार कमी करून. वर स्पष्ट केलं की ही फक्त डेकसाठी आहे, लिनक्सच्या बाकी पीसींना आमचा आधार नाही. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकतही मिळत नाही. म्हणजे काम होतं, माणसं आहेत, वेळही निघतो. सेनगावच्या ऑप्टिप्लेक्सची पाळी आली की मात्र उत्तर तयार असतं, अपग्रेड करा.